मुक्या सहकाऱ्यांचा सण

नाताळच्या दिवसांत आमच्या टपालात जी पत्रे येतात ती बहुतेक शुभेच्छांची असतात आणि त्यांची पोच देण्यास फारसा विचार करावा लागत नाही. यंदा मात्र पुण्याहून आलेल्या एका पत्राने आम्हांस चार दिवस अडवून धरले. पत्र लिहिणारी मुलगी आमच्या परिचयाच्या एका कुटुंबातील असून ती तेथील एका मोठ्या कचेरीत संगणकावर काम करते. नाताळनिमित्त त्या कचेरीत एक गंमत योजली होती. सर्व सहकाऱ्यांनी आपापल्या घरच्या कुत्र्यामांजरांची छायाचित्रे आणावी, ती एका भिंतीवर लावावी आणि ज्याचे चित्र सर्वांत गोजिरवाणे ठरेल त्यास बक्षीस द्यावे. कोणी आपल्या मांजराला तांबडी टोपी घातली, कोणी कुत्र्याच्या गळ्यात चंदेरी फीत बांधली. मुलीने हे सारे मोठ्या आनंदाने लिहिले आहे. परंतु पत्राच्या दुसऱ्या पानावर अक्षर बदलते.

तिच्या घरीही एक कुत्रा आहे. तो तिच्या वडिलांचा. वडील गेले आणि तो मागे राहिला. आज त्याचे वय चौदा वर्षांचे आहे, एका डोळ्याने त्यास दिसत नाही, मागचे पाय लटपटतात आणि औषधपाण्यावर महिन्याकाठी बरेच पैसे जातात. भावाचे म्हणणे असे की, सुट्टीत गावी जाताना त्यास वाटेत कोठेतरी सोडून द्यावे; म्हातारे जनावर, किती दिवस काढणार? मुलीने कचेरीच्या भिंतीवर त्याचे चित्र लावले नाही. ती आम्हांस दोन प्रश्न विचारते. माणसांना पोटभर मिळत नसताना म्हाताऱ्या कुत्र्यावर पैसे खर्चणे हे पाप तर नव्हे ना? आणि पाप नसेल, तर त्याचे चित्र लावावयाची तिला लाज का वाटली?

वाचकहो, पहिल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात सापडते. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथाने दोन्ही बाजू सांगितल्या आहेत. प्राण्यांशी ममतेने वागणे हे माणसाचे देणे आहे आणि विनाकारण त्यांना यातना देणे माणुसकीस शोभत नाही, असे तो ग्रंथ म्हणतो. त्याचबरोबर माणसाच्या दुःखनिवारणावर आधी जो पैसा जावयास हवा तो प्राण्यांवर उधळू नये, असेही बजावतो. आमच्या मते चौदा वर्षांच्या सोबत्याचे औषध ही उधळण होत नाही. तांबडी टोपी कदाचित होत असेल, पण तीबद्दल आम्ही या शुभ दिवसांत कोणाशी भांडणार नाही.

दुसरा प्रश्न मात्र पुस्तकात नाही. त्याचा विचार करताना आमच्या मनात पुन्हा पुन्हा एकच गाव येऊ लागले, आणि ते गाव पुण्याहून फार दूर आहे.

बुऱ्हाणपुराहून असीरगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर निंबोला लागते. सातपुड्याच्या पायथ्याची काळी जमीन, कपाशी, मका आणि पाण्याची सोय आहे तेथे केळी. २००३ सालच्या १५ ऑगस्टला बुऱ्हाणपूर खंडव्यापासून वेगळे होऊन स्वतंत्र जिल्हा झाला, तरी गावाची चाल काही बदलली नाही. सरकारी कागद हिंदीत, बाजारातील घासाघीस निमाडीत आणि कित्येक घरांतील चुलीपुढचे बोलणे खानदेशी वळणाच्या मराठीत. पंचांगेही दोन. ज्या अमावास्येला महाराष्ट्रात श्रावणी अमावास्या म्हणतात, तीच उत्तरेकडच्या पौर्णिमान्त गणनेत भाद्रपदाची अमावास्या ठरते. महिन्याच्या नावावर पंडितांचे एकमत नसले तरी त्या दिवशी बैलाच्या मानेवर जू ठेवावयाचे नाही, यावर सर्वांचे एकमत आहे. तो दिवस पोळ्याचा.

पोळा आमच्या बहुतेक वाचकांनी पाहिला असेल. तथापि त्याची आदली संध्याकाळ किती जणांनी नीट पाहिली आहे, याविषयी आम्हांस शंका आहे. आम्ही स्वतः कितीतरी वर्षे पोळ्याची मिरवणूक तेवढी पाहून परत फिरत होतो. एका सालदाराने आम्हांस सांगितले, “फादर, उद्या येऊन काय पाहाल? आज थांबा.” म्हणून थांबलो.

सालदार म्हणजे वर्षाच्या करारावर शेतकऱ्याकडे राहणारा गडी. आमच्या भागात त्याचे साल आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ठरते. बैल मालकाचे असतात; परंतु पहाटे त्यांच्यापुढे वैरण टाकणारा, त्यांना वखराला जुंपणारा, तिफणीमागून चालणारा, दुपारी सावलीत त्यांच्याशेजारीच भाकरी सोडणारा हा. बैलाचा धनी एक आणि सोबती दुसरा, अशी ही व्यवस्था आहे. पोळ्याच्या आदल्या दिवशी औत सुटले की सालदार बैलांना गोठ्यात आणून ऊन पाण्याने त्यांचे खांदे शेकतो आणि मग तूप व हळद लावून ते चोळतो. यास खांदेमळणी म्हणतात. त्यानंतर पाहुण्यास द्यावे तसे बैलास उद्याच्या जेवणाचे आवतण देण्यात येते.

आम्हांस हा केवळ एक गोड संस्कार वाटला होता. त्या संध्याकाळी गोठ्याच्या उंबऱ्यावर बसून पाहिले तेव्हा कळले की हा हिशेबही आहे. सालदाराचा हात खांद्यावरून फिरत होता आणि मधूनच थांबत होता. येथे कातडी जाड झाली आहे, ती जू एका बाजूला कलल्यामुळे. येथे केस उगवलेले नाहीत, कारण मागच्या वर्षी पेरणीच्या घाईत जखम भरू दिली नाही. येथे आंब्याच्या कोयीएवढी गाठ. तो बोलत नव्हता. एखाद्या बोलक्या माणसाने फार वेळ गप्प राहावे तसा गप्प होता. शेवटी म्हणाला, “माणूस आपलं दुखणं सांगून सुट्टी मागतो. हा कोणापाशी मागंल? म्हणून वर्षातून एकदा तरी आपणच हात लावून पाहावं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्यावर गर्दी उसळली. एकाच शिवारात निरनिराळ्या मालकांकडे काम करणाऱ्या सहा-सात सालदारांनी आपापसांत वर्गणी काढून गोंडे, बेगड आणि रंग आणले होते. मालकांनी दिलेले साहित्य वेगळे. हे त्यांचे स्वतःचे. एकमेकांचे बैल ते एकमेकांच्या मदतीने धूत होते, आणि माझा अधिक देखणा की तुझा, यावर चाललेली त्यांची थट्टा त्या पुण्याच्या कचेरीतील थट्टेहून फार वेगळी होती असे आम्हांस आज वाटत नाही. अंगावर झूल, शिंगांना बेगड, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ, नवी वेसण, नवा कासरा. सालदाराच्या अंगावरही नवे कापड होते. पोळ्याला बैलास झूल आणि गड्यास कपडे, अशी जुनी रीत आहे. सायंकाळी आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली साऱ्या जोड्या उभ्या राहिल्या, वाजंत्री वाजली, मानाची जोडी आधी निघाली आणि मग घरोघर बैल गेले. घरच्या बाईने खुरांवर पाणी घातले, ओवाळले, पुरणपोळी भरविली. आमच्या जवळ उभ्या असलेल्या एका लहान मुलाने विचारले, बैलांना गोड आवडते काय? आम्हांस उत्तर आले नाही.

त्याचे उत्तर पुढे एका गुरांच्या डॉक्टरांनी दिले, आणि ते येथे नमूद करणे आवश्यक आहे. बैलाचे पोट कडब्यासाठी आणि गवतासाठी घडलेले आहे. एकाच दिवशी पाच-दहा घरांतून पुरणपोळ्या, शिजविलेले धान्य आणि गूळ त्याच्या पोटात गेले की ते आंबते. पोटात आम्ल वाढते, जनावर सुस्त होते, रवंथ थांबते आणि कधी कधी मरतेही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात अशी जनावरे येतात. सणासाठी शिंगे तासून गुळगुळीत करण्याची आणि त्यांना तेलाचा रंग फासण्याचीही सवय आहे. आपल्या देशी बैलांत शिंगाचा कर्करोग पुष्कळ आढळतो, आणि शिंगांना सतत होणारी इजा हे त्याच्या संशयित कारणांपैकी एक आहे. तेव्हा पोळी घासभर द्यावी, शिंगे तासू नयेत, रंग साधा व धुऊन जाणारा असावा. ज्याचा सण आहे त्यास तो सोसला पाहिजे, एवढी तरी काळजी यजमानाने घ्यावयास हवी. पुण्यातील मांजरास ती टोपी कशी वाटली असेल, हेही विचारण्याजोगे आहे.

आता थोडे मागे जाऊ. निंबोल्यावरून जाणारा रस्ता आज मालमोटारींनी भरलेला असतो; पण ही वाट फार जुनी आहे. बुऱ्हाणपूर हे मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे ठाणे होते आणि उत्तरेकडून येणारा माल असीरगडाच्या खिंडीतून येथे उतरत असे. तो येत असे बैलांच्या पाठीवरून. सतराव्या शतकात या बाजूने प्रवास केलेला फ्रेंच जवाहिरी ताव्हर्निये याने बंजाऱ्यांच्या तांड्यांचे वर्णन केले आहे. दहा-दहा, बारा-बारा हजार बैल धान्य, तांदूळ, मीठ लादून एका ओळीने चाललेले त्याने पाहिले. अशा तांड्याशी अरुंद वाटेवर गाठ पडली की तो निघून जाईपर्यंत प्रवाशास दोन-दोन, तीन-तीन दिवस खोळंबून राहावे लागे. सैन्ये त्यांच्या जिवावर जगत. इतिहासाच्या पुस्तकांत सुभेदारांची नावे येतात, शहाजादे येतात, किल्ल्याला वेढा पडतो आणि उठतो. त्या वेढ्याचे धान्य कोणाच्या पाठीवरून आले याचा उल्लेख एखाद्या परदेशी व्यापाऱ्याने वाटेत खोळंबा झाला म्हणून चिडून करावा, हे आम्हांस चमत्कारिक वाटते. १८७० साली मुंबईहून भुसावळ, खंडवा, जबलपूर या मार्गाने कलकत्त्यापर्यंत आगगाडी जोडली गेली आणि लांब पल्ल्याची वाहतूक बैलाच्या पाठीवरून उतरली. तो गाडीला आणि शेताला मात्र जुंपलेलाच राहिला. या निमाडाने आपली स्वतःची एक जात घडविली आहे. तांबड्या अंगावर पांढरे मोठे ठिपके, कपाळ गीर गाईसारखे फुगीर आणि चपळाई व पायांचा कणखरपणा खिल्लाराचा. निमाडी बैल म्हणून ती ओळखली जाते.

आज त्या खुंट्यावरचा बैल कमी होत आहे. २०१९ सालच्या विसाव्या पशुगणनेत देशातील गोवंश सुमारे १९ कोटी २५ लाख भरला. त्यात माद्या २०१२ च्या मानाने १८ टक्क्यांनी वाढल्या आणि नर ३० टक्क्यांनी घटले. सात वर्षांत जवळजवळ दोन कोटी नर कमी झाले. कारण गुपित नाही. ट्रॅक्टर भाड्याने मिळतो, एका दिवसात आठवड्याचे काम करतो, आणि काम नसते तेव्हा त्यास वैरण लागत नाही. पोळ्याच्या दिवशी निंबोल्याच्या तोरणाखाली आता काही ट्रॅक्टरही हार घालून उभे असतात. त्यांना पाहून हसणारे हसोत. आम्हांस हसू आले नाही. ज्याच्या जोरावर भाकरी मिळते त्यास ओवाळावे, ही बुद्धी चुकीची नाही. एवढेच की, ट्रॅक्टरचा खांदा सुजत नाही.

ज्या सालदाराची गोष्ट आम्ही सांगत आहो, त्याच्या हाताखाली निमाडी बैलांची एक जोडी होती. एकाचे नाव हौशा, दुसऱ्याचे लाल्या. दोघेही जुळलेले, म्हणजे सगळे दात आलेले आणि उमेद सरत आलेले. दोन वर्षांपूर्वी ऐन पेरणीच्या तोंडावर लाल्याचा खांदा सुजला. मृगाचा पाऊस पडून गेला होता, वाफसा आला होता, शेजाऱ्यांच्या तिफणी चालू झाल्या होत्या. सालदाराने बैल जुंपण्यास नकार दिला. मालक रागावला, मालक काही दुष्ट नव्हता, पण पेरणी आठ दिवस लांबली तर काय होते हे ज्याने कर्ज काढून बी-बियाणे आणले आहे त्यास विचारावे. शेवटी मालकाने भाड्याने ट्रॅक्टर आणला. एका दिवसात पेरणी झाली. मालकाने ते पाहिले. पुढच्या वर्षी त्याने स्वतःचा ट्रॅक्टर घेतला.

सालदार हे सांगताना आम्हांस म्हणाला, “फादर, लाल्याचा खांदा मी वाचवला आणि लाल्याची जागा घालवली.” यावर आम्ही काय बोलावे? धर्मगुरूच्या तोंडी नेहमी काहीतरी उत्तर असावे अशी लोकांची अपेक्षा असते. आम्ही चहा घेतला.

ट्रॅक्टर आल्यावर वर्षभर ती जोडी जवळजवळ बसून होती. कपाशीच्या ओळींतून डवरा ओढण्याइतके काम कधीमधी निघे. कडब्याचे भाव मालकाने आम्हांस ऐकविले आणि ते खरे होते. म्हातारा बैल विकावा तर घेणारा कोण, हाही आज शेतकऱ्यापुढचा कठीण प्रश्न आहे. त्यातील कायद्याची बाजू आम्ही कायदेपंडितांवर सोपवितो. ज्यांना विकता येत नाही आणि पोसताही येत नाही ते रात्री कोणीतरी हमरस्त्यावर सोडून देतो. बुऱ्हाणपूर-इंदूर रस्त्यावर मोटारीच्या दिव्यांत अशी बसलेली जनावरे आम्ही स्वतः पाहिली आहेत. त्यांतील काहींच्या शिंगांवर पोळ्याचा रंग अजून होता.

मालकाने श्रावणातच जोडी काढावयाचे ठरविले. सालदाराने त्याच्याकडे एवढेच मागितले की पोळा होऊ द्या. आणि मालकाने तो होऊ दिला. आम्ही पाहिली ती खांदेमळणी या जोडीची शेवटचीच होती, हे आम्हांस त्या वेळी ठाऊक नव्हते. वर्गणी काढून आणलेले गोंडे कोणासाठी होते हेही मागाहून कळले. त्या सहा-सात जणांनी आपल्या जोड्यांना जुनेच गोंडे बांधले होते आणि नवे सगळे हौशा-लाल्याला दिले होते.

आमच्या धर्मग्रंथात बैलास मानाचे स्थान आहे, हे आम्हांस लहानपणापासून ठाऊक होते. पण त्याचा अर्थ त्या गोठ्याच्या उंबऱ्यावर बसल्यावर थोडा अधिक कळला. मोशेच्या नियमशास्त्रात सातव्या दिवसाची विश्रांती सांगताना धन्याबरोबर दास, परका आणि त्यांच्याबरोबरच बैल व गाढव यांचा उल्लेख आहे. विश्रांती सर्वांची एकाच दिवशी. आणखी एक नियम असा की, मळणीवर फिरणाऱ्या बैलाच्या तोंडाला मुसके बांधू नये. जे धान्य तो मळतो त्यातला घास त्यास घेऊ द्यावा. आपल्याकडे ज्यांनी खळे पाहिले आहे त्यांस या नियमाची किंमत सांगावयास नको. संत पौलाने पुढे हाच नियम उचलून माणसाच्या मजुरीस लावला. तेव्हा गड्यास कापड आणि बैलास झूल एकाच सकाळी देणारा आपला शेतकरी त्याच वाटेने चालला आहे, असे आम्हांस वाटते. त्याने ते शास्त्र वाचलेले नसो.

नाताळच्या गोठ्यात आपण जो बैल ठेवतो, त्याचा संत लूकच्या शुभवर्तमानात उल्लेख नाही. तेथे गव्हाण आहे, बैल नाही. तो आला यशया संदेष्ट्याच्या वचनावरून, जेथे बैल आपल्या धन्यास ओळखतो आणि माणूस मात्र ओळखत नाही अशी तक्रार आहे. जिवंत बैल आणि गाढव गव्हाणीपाशी उभे केले ते असिसीच्या संत फ्रान्सिसने, १२२३ सालच्या नाताळच्या रात्री ग्रेच्चो या डोंगराळ गावी. त्याचा चरित्रकार चेलानोचा थॉमस सांगतो की, नाताळच्या दिवशी श्रीमंतांनी भुकेल्या गरिबांना जेवू घालावे आणि बैल व गाढवे यांना नेहमीपेक्षा अधिक दाणावैरण मिळावी, अशी त्या संताची इच्छा होती. एवढेच नव्हे, तर बादशहाची भेट झालीच तर पाखरांसाठी रस्त्यांवर धान्य टाकण्याचा हुकूम काढावयास आपण त्यास सांगू, असे तो म्हणे. गरिबांचे जेवण आणि बैलांची वैरण त्याने एकाच दमात मागितली. आमच्या पुण्याच्या मुलीने हे ध्यानात घ्यावे. यांपैकी एक मागितले म्हणजे दुसरे सोडावे लागते, असे त्यास वाटले नव्हते. आणि दारिद्र्य म्हणजे काय हे त्याच्याइतके कोणास ठाऊक होते?

प्राण्यास सहकारी मानण्याची ही रीत शेताबाहेरही गेली आहे. नेपाळात तिहार सणाचा दुसरा दिवस कुत्र्यांचा असतो. त्या दिवशी पोलीस आपल्या पथकातील कुत्र्यांना टिळा लावून हार घालतात. आपल्या मुंबईत १९९३ सालच्या बाँबस्फोटांच्या वेळी झंजीर नावाच्या पोलिसी कुत्र्याने दडविलेली स्फोटके हुंगून काढली आणि असंख्य लोकांचे प्राण वाचविले. २००० साली तो हाडाच्या कर्करोगाने मेला तेव्हा पोलीस दलाने त्यास मानवंदना देऊन निरोप दिला. त्याच्या शेवटच्या दिवसांत तो काही देखणा राहिला नसेल. वर्दीतील माणसांनी त्याच्यासमोर मान लवविली ती त्याच्या रूपास नव्हे.

म्हणून मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाविषयी आम्ही तिला लिहिले ते असे. तिला लाज वाटली, कारण भिंतीवर बक्षीस गोजिरेपणाला होते. तिचा कुत्रा त्या बक्षिसासाठी उभा राहूच शकत नव्हता. बारा-तेरा वर्षे तिच्या वडिलांसाठी तो दारात जागला, शेवटच्या आजारात त्यांच्या खाटेखाली पडून राहिला. असे तिनेच मागे एकदा आम्हांस सांगितले होते. ते काम छायाचित्रात दिसत नाही. भावाविषयी आम्ही कठोर लिहिले नाही, कारण त्याच्यावर काय भार आहे ते आम्ही पाहिलेले नाही. परंतु वाटेत सोडून देणे या गोष्टीस आमची संमती मिळणार नाही, एवढे स्पष्ट लिहिले. सुट्टीपुरते त्यास सांभाळणारे एक कुटुंब आमच्या माहितीचे आहे, त्यांचा पत्ता सोबत जोडला.

पत्र टपालात टाकल्यावर दुसऱ्याच दिवशी काही कामाने निंबोल्यास जाणे झाले. सालदार ट्रॅक्टरवर होता. त्याच मालकाकडे तो आता ट्रॅक्टर चालवितो, आणि चांगला चालवितो. त्याने यंत्र बंद केले व खाली उतरला. हौशा-लाल्याची चौकशी केली तेव्हा त्याने सांगितले की, दिवाळीनंतर ती जोडी सातपुड्याच्या चढावरील एका लहान शेतकऱ्याने घेतली. तेथे वावरे उतरती आणि तुकड्या-तुकड्यांची. ट्रॅक्टर फिरत नाही. किंमत थोडी आली. मालकाने मोलभाव ताणला नाही आणि दावे तेवढे आठवण म्हणून आपल्यापाशी ठेवून घेतले.

बैल पोचवावयास सालदार स्वतः पायी गेला. टेम्पोत चढविताना लाल्या बिथरतो, म्हणून पायी. नव्या धन्याकडे तो एक रात्र राहिला. लाल्या डाव्या बाजूनेच चालतो, उजवीकडे जुंपला तर अडून बसतो. हौशाला पाणी आधी आणि वैरण मग. लाल्याचा खांदा पेरणीआधी एकदा दाबून पाहावा आणि गाठ ऊन लागली तर चार दिवस जू ठेवू नये. हे सारे त्याने नव्या धन्याच्या मुलाकडून दोनदा म्हणवून घेतले. मुलगा शाळेत जाणारा. त्याने ते वहीत लिहून ठेवले.

आम्ही त्यास पुण्याच्या कचेरीची गोष्ट सांगितली. भिंत, छायाचित्रे, टोप्या. त्यास ती आवडली. त्याने फक्त एवढेच विचारले की, त्या कुत्र्यांना काम काय असते? आम्ही सांगितले, बहुतेकांना काही नसते. माणूस थकून घरी आला की दाराशी येऊन उभे राहणे, इतकेच. त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “तेही कामच आहे की.”

त्या म्हाताऱ्या कुत्र्याविषयीही सांगितले. यावर तो काही बोलला नाही. ट्रॅक्टरच्या बैठकीखालच्या पेटीतून त्याने एक कागदी पुडी काढून आम्हांस दाखविली. तीत तांबड्या लोकरीचे चार गोंडे होते. पोळ्याला अजून आठ महिने आहेत. पण ते त्याने बुऱ्हाणपूरच्या बाजारातून आतापासूनच घेऊन ठेवले आहेत. आदल्या दिवशी दुपारी निघाले तर खांदेमळणीच्या वेळेस चढावर पोचता येते, असे तो म्हणाला.